कुंभकोणमचा विद्यार्थी आणि परीक्षक यंत्र

तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर, कावेरी व अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये कुंभकोणम हे गाव वसलेले आहे. दर बारा वर्षांनी महामहम तलावावर भरणारी यात्रा, देवळांची उंच गोपुरे, विड्याची पाने आणि पितळेच्या समया यांसाठी ते प्रसिद्ध आहे. येथील ‘डिग्री कॉफी’चे नाव तर दक्षिणेकडील रस्त्यांवरच्या कितीतरी उपाहारगृहांच्या पाट्यांवर झळकत असते. या नावाची एक व्युत्पत्ती अशी सांगतात की, दुधात दुग्धमापक बुडवून त्यावरील अंश पुरे भरले, म्हणजेच पूर्वी ते दूध कॉफीसाठी घेत असत. दुग्धमापक दुधाची घनता दाखवितो. दूध ताजे की शिळे, गाईचे की म्हशीचे, हे त्याला सांगता येत नाही. ही लहानशी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नाही. १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन झाले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात कावेरीकाठी येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकीच एकात १८२८ मध्ये, याच कुंभकोणम गावी, पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून गाजलेले सर टी. माधवराव जन्मले. १८५४ मध्ये येथे सरकारी विद्यालय निघाले, त्याचे कालांतराने महाविद्यालय झाले, आणि तेथील अध्यापनाची कीर्ती अशी पसरली की लोक कुंभकोणमला ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणू लागले. शारंगपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. ते आता स्मारक म्हणून जतन केलेले आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण आणि विद्यार्थिदशा या घरात गेली.

विद्यापीठांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव होत असताना आम्ही या जुन्या घरापाशी वाचकांना का आणले, असा प्रश्न कोणी विचारील. शिकविणे, परीक्षा घेणे आणि कचेरी चालविणे ही विद्यापीठाची तीन कामे होत. आज या तिन्ही कामांत यंत्राला किती वाव द्यावा याचा खल सर्वत्र चालू आहे. रामानुजन यांच्या आयुष्यात ही तिन्ही कामे एकामागून एक त्यांच्या वाट्याला आली. त्यांपैकी एकाने त्यांना घडविले, एकाने त्यांना बाहेर घालविले आणि एकाने पुन्हा आत घेतले. यंत्राची पारख करण्यास इतके पुरते नोंदलेले उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

प्रथम यंत्राविषयी थोडे. नोव्हेंबर १९२२ नव्हे, नोव्हेंबर २०२२! शतकाची चूक लेखणीकडून सहज होते, कारण या गोष्टीत दोन शतके सारखी एकमेकांत मिसळतात. तर नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी नावाचा संवाद करणारा संगणकीय कार्यक्रम लोकांसाठी खुला झाला, आणि तेव्हापासून हा विषय प्राध्यापकांच्या खोलीतून विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पोहोचला. अशा यंत्राला अफाट लिखित मजकूर पुरविलेला असतो. शब्दांचे लहान लहान तुकडे करून, एका तुकड्यामागून कोणता तुकडा येण्याचा संभव अधिक, हे ते त्या मजकुरावरून शिकते. नंतर माणसे त्याच्या उत्तरांतील बरी कोणती, वाईट कोणती हे दाखवून त्याला वळण लावतात. परिणामी ते निबंध लिहिते, गणित सोडविते, भाषांतर करते. परंतु त्याचे बलस्थान पूर्वी पुष्कळ वेळा लिहिले गेलेल्या गोष्टींत असते. जे क्वचित लिहिले गेले, तेथे त्याचा पाय घसरतो. आणि घसरला तरी त्याच्या बोलण्यातला आत्मविश्वास कमी होत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर यंत्राने फार थोडा वाचलेला असतो, आणि इंग्रजीतील नेहमीच्या शब्दाचा बहुधा एकच तुकडा होतो तेथे मराठी शब्दाचे अनेक तुकडे पडतात.

आता शिकविण्याकडे वळू.

१९०३ च्या सुमारास, शाळेत असतानाच, रामानुजन यांच्या हाती जॉर्ज शूब्रिज कार या इंग्रज शिक्षकाचे एक जाडजूड पुस्तक आले. कार हे लंडनमध्ये खाजगी शिकवण्या घेत. केंब्रिजच्या गणित परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सुमारे ५००० प्रमेये आणि सूत्रे क्रमाने लावून ठेवली होती. ग्रंथ म्हणून त्याची योग्यता मोठी नव्हती. आजच्या भाषेत त्याला परीक्षेचे मार्गदर्शक म्हणावे लागेल. बहुतेक प्रमेयांच्या सिद्धता त्यात नव्हत्या, आणि जेथे होत्या तेथे एखादी ओळ किंवा नुसती खूण असे. सामान्य विद्यार्थ्याने ते पुस्तक पाठ केले असते. रामानुजन यांनी गाळलेल्या जागा स्वतः भरून काढण्यास आरंभ केला, आणि भरता भरता ते पुस्तकाच्या पलीकडे गेले. कार यांनी हे मुद्दाम केले नव्हते. त्यांनी पाने वाचविण्यासाठी जे गाळले, तेच या मुलाच्या कामी आले.

आजचे यंत्र काहीच गाळत नाही. विद्यार्थ्याने प्रश्न टाकला की पायरीगणिक उत्तर समोर येते. यापासून शिकणे वाढते की घटते, हे तर्काने ठरविण्यापेक्षा प्रयोगाने पाहिलेले बरे. तुर्कस्थानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे १००० विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. गणिताच्या सरावाच्या वेळी काही मुलांना साधे संवादयंत्र दिले होते. इतरांच्या मानाने त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सरस ठरली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला मात्र असे यंत्र दिले होते की जे उत्तर सांगत नसे. शिक्षकांनी आधी लिहून दिलेल्या सूचनांप्रमाणे ते फक्त पुढचा इशारा देई. या मुलांनी सरावात पहिल्या गटालाही मागे टाकले, आणि परीक्षेत त्यांचे नुकसान झाले नाही.

येथे यंत्र तेच आहे. फरक पडला तो काय सांगावयाचे नाही हे ठरविणाऱ्या शिक्षकांमुळे. चांगला शिक्षक वर्गात कोठे थांबावे हे जाणतो. फळ्यावर अर्धी ओळ लिहून तो खडू खाली ठेवतो आणि मुलांकडे पाहतो. ही कला यंत्राला आपण होऊन येत नाही, कारण त्याला घडविलेले असते ते विचारणाऱ्याचे समाधान करण्यासाठी. महाविद्यालयांत यंत्र आणावयाचे असेल तर हा इशाऱ्यांचा भाग त्या त्या विषयाच्या शिक्षकाने लिहावा लागेल, आणि त्यासाठी त्याच्या कामाच्या तासांत जागा करावी लागेल. यंत्र आले म्हणून शिक्षकांच्या जागा कमी करू पाहणाऱ्यांनी तुर्कस्थानातील दुसऱ्या गटाचे आकडे पुन्हा वाचावेत.

परीक्षेचा भाग अधिक कठीण आहे, आणि या लेखाचा मुख्य भागही तोच आहे.

मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही तिन्ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. आरंभी ती शिकवीत नसत. संलग्न महाविद्यालये शिकवीत आणि विद्यापीठे परीक्षा घेत. कुंभकोणमच्या मुलाचे भवितव्य त्याचे तोंडही न पाहिलेल्या परीक्षकाच्या हाती असे. एका अर्थाने त्या काळचे विद्यापीठ हेच एक मोठे परीक्षायंत्र होते. फक्त त्याची चाके माणसांची होती.

रामानुजन १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. पण गणिताखेरीज अन्य विषयांकडे त्यांचे लक्ष लागेना. इंग्रजीच्या निबंधात ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. सत्राची फी ३२ रुपये होती. वडील कापडाच्या पेढीवर कारकून, मासिक मिळकत सुमारे २० रुपये. आई कोमलताम्माळ या खंबीर बाई होत्या. त्या प्राचार्यांना भेटल्या आणि असा गणिती मुलगा आपण दुसरा पाहिला आहे काय, असे त्यांनी विचारले. प्राचार्यांनी आदराने ऐकून घेतले, आणि नियम तो नियम असे सांगितले. पुढे रामानुजन यांनी मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात नाव घातले. १९०६ मध्ये आणि पुन्हा १९०७ मध्ये ते एफ. ए.च्या परीक्षेत नापास झाले. गणितात उत्तम गुण आणि शरीरक्रियाविज्ञानात अगदीच थोडे, असा तो निकाल होता. पदवी त्यांना मिळाली नाही.

ही कथा सांगताना परीक्षकांना दोष देण्याची चाल आहे. ती आम्हाला मान्य नाही. इंग्रजीच्या परीक्षकाने अन्याय केला असे मानण्यास काहीच आधार नाही. निबंध बहुधा खरोखरच वाईट असावा. शरीरक्रियाविज्ञानाचे गुणही बरोबरच असावेत. सर्व उत्तरपत्रिका एखाद्या पूर्णपणे निर्दोष यंत्राने तपासल्या असत्या, तरी निकाल तोच लागला असता. चूक उत्तरपत्रिका तपासण्यात नव्हती. वेगवेगळ्या विषयांतील गुण एकत्र आणून त्यांतून एका माणसाविषयीचा निर्णय काढणाऱ्या नियमात ती होती. आज यंत्रामुळे तपासणी जलद होईल, स्वस्त होईल, कदाचित अचूकही होईल असे सांगितले जाते, तेव्हा हा भेद मनात असावा. नियम जर चुकीचा असेल, तर यंत्र तो अधिक वेगाने लावील, एवढेच.

मानवी परीक्षकांचा कैवार घेण्याचाही आमचा हेतू नाही. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठविल्या. शंभरापैकी पन्नाशीच्या आसपासपासून ते नव्वदीच्या पलीकडे एवढ्या अंतराने गुण आले. पुढच्या वर्षी भूमितीच्या उत्तरपत्रिकेचीही हीच गत झाली. भूमितीत तरी मतभेदाला जागा नसावी, असे समजणाऱ्यांची त्यामुळे निराशा झाली. तेव्हा यंत्राची कल्पना सुचणे स्वाभाविकच होते. १९६६ मध्ये एलिस पेज या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने निबंधांना गुण देणारा संगणकीय कार्यक्रम पुढे मांडला. त्याला अर्थ समजत नसे. निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविरामांची संख्या अशी बाह्य लक्षणे मोजून माणूस किती गुण देईल याचा तो अंदाज बांधी. आणि दोन माणसांचे परस्परांशी जितके जुळते तितकेच त्याचे माणसांशी जुळे. कुंभकोणमच्या कॉफीवाल्याचा दुग्धमापक तो हाच! चांगल्या निबंधात बहुधा जे आढळते ते तो मोजी, चांगुलपणा मोजीत नसे. पुढे २०१४ मध्ये एम.आय.टी.च्या लेस पेरेलमन यांनी काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने निरर्थक परंतु भारदस्त शब्दांचे निबंध जुळविणारे यंत्र तयार केले, आणि निबंध तपासणाऱ्या यंत्रांकडून त्याला चांगले गुण मिळवून दाखविले.

आजची यंत्रे स्वल्पविराम मोजीत नाहीत, ती पुष्कळ पुढे गेली आहेत. दिलेल्या गुणपद्धतीनुसार लहान उत्तरे तपासण्यात, एखादा मुद्दा आला की राहिला हे शोधण्यात त्यांचे साहाय्य खरोखर मोलाचे आहे. शे-दोनशे वह्या वाचून थकलेल्या परीक्षकाला शेवटच्या वहीजवळ कोणी जागे करणारे असेल तर ते हवेच आहे. तथापि पुढचा शब्द निवडण्यात थोडा यदृच्छेचा भाग ठेवलेला असल्यामुळे त्याच उत्तराला ते दुसऱ्यांदा निराळे गुण देऊ शकते. आणि पुष्कळांनी लिहिलेले उत्तर त्याला जितके ओळखता येते तितके कोणीच न लिहिलेले उत्तर ओळखता येत नाही.

या शेवटच्या गोष्टीची किंमत किती पडते, हे इंग्लंडने २०२० मध्ये पाहिले. महामारीमुळे शालान्त परीक्षा झाल्या नाहीत. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी सरकारी नियामकाने एका गणिती पद्धतीने दुरुस्त केल्या, आणि त्यात त्या त्या शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना मोठे वजन दिले. सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या. ज्या शाळेत पूर्वी कोणी वरची श्रेणी मिळविली नव्हती, तेथील हुशार मुलाला ती मिळणे जवळजवळ अशक्य झाले. उलट ज्या विषयाला मोजकीच मुले होती तेथे शिक्षकांचे मत तसेच राहिले, आणि याचा लाभ लहान वर्गांच्या खाजगी शाळांना झाला. मुले रस्त्यावर आली. १७ ऑगस्ट रोजी ही पद्धत मागे घ्यावी लागली. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणावी असे फारसे काही नव्हते, साधे संख्याशास्त्र होते. पण न्याय समूहाला लावावयाचा की त्यातील एकेका मुलाला, हा प्रश्न तोच होता. कुंभकोणमच्या शाळेत पूर्वी रामानुजन झाला नव्हता, म्हणून तो होणार नाही, असे म्हणण्यासारखेच हे!

दुसरा प्रश्न नक्कल ओळखण्याचा. विद्यार्थी यंत्राकडून निबंध लिहवून घेतात, म्हणून असे निबंध ओळखणारी यंत्रे विद्यापीठांनी घेतली. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय या संस्थेनेच असे एक साधन काढले होते. ते पुरेसे अचूक नाही म्हणून २०२३ मध्ये तिने ते मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले निबंध त्यांनी दिले, तेव्हा सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सर्व खरे ठरले. कारण उघड आहे. परकी भाषा जपून लिहिणारा माणूस नेहमीचे, अपेक्षित शब्द वापरतो, आणि अपेक्षित शब्द हीच यंत्राची खूण समजली जाते. ज्या मुलाची शिष्यवृत्ती इंग्रजी निबंधापायी गेली त्याच्या गावाकडून पाहिले म्हणजे हा निष्कर्ष अधिकच बोचतो. आमच्या मते अशा साधनाच्या नुसत्या आकड्यावरून कोणाही विद्यार्थ्याला शिक्षा करू नये. त्याला समोर बसवून पाच प्रश्न विचारावेत; तोंडी परीक्षा ही जुनी गोष्ट आहे, पण ती अजून मोडलेली नाही.

याच संदर्भात १९१३ चे प्रसिद्ध पत्र आठवते. १६ जानेवारी रोजी मद्रासच्या बंदर-कचेरीतील एका कारकुनाने, म्हणजे रामानुजन यांनी, केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना कित्येक पाने भरून सूत्रे पाठविली. सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. आधी केंब्रिजच्याच दोन थोर गणितींकडे अशी पत्रे गेली होती आणि त्यांचा काही उपयोग झाला नव्हता. हार्डी आणि लिटलवुड यांनी ती पाने एका रात्री बसून वाचली. त्यांतील काही सूत्रे त्यांना माहीत होती, काही प्रयासाने सिद्ध करता आली, आणि काहींपुढे हार्डी चकित झाले. ती खरी असलीच पाहिजेत, कारण खोटी सूत्रे अशी रचण्याइतकी कल्पनाशक्ती कोणाजवळ असणार नाही, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद आज चालणार नाही. खोटे पण खरे भासणारे सूत्र रचण्याइतकी शक्ती आता यंत्राजवळ आहे. इस्राएलमधील टेक्निऑन या संस्थेतील संशोधकांनी तर एका संगणकीय पद्धतीला ‘रामानुजन यंत्र’ असेच नाव दिले. तिचे वर्णन २०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आले. छेदात अपूर्णांक, त्याच्या छेदात पुन्हा अपूर्णांक अशा साखळ्या हे यंत्र पडताळून पाहते आणि पाय सारख्या स्थिरांकांसाठी नवी सूत्रे सुचविते. ती अटकळी असतात. सिद्धता माणसांनी शोधावयाची. त्यांतील काही पुढे सिद्ध झाल्या. परंतु यामुळे एखाद्या दूरच्या गावातून आलेले, पदवी नसलेल्या माणसाचे, सिद्धता नसलेले पत्र आज पूर्वीपेक्षा अधिक संशयाने पाहिले जाणार, हे उघड आहे. प्राध्यापकांच्या टपालात यंत्राने लिहिलेला मजकूर जितका वाढेल, तितका खऱ्या पत्राला न्याय मिळणे दुर्मीळ होईल. एक दिलासा असा की तपासण्याची साधनेही वाढली आहेत. सिद्धतेची प्रत्येक पायरी संगणकाकडून पडताळून घेण्याच्या ‘लीन’ सारख्या पद्धती आता गणिती वापरू लागले आहेत. त्या कोणाचे नाव, गाव किंवा पदवी विचारीत नाहीत. मात्र त्यांना सिद्धता लागते, आणि रामानुजन यांच्याजवळ नेमकी तीच नसे.

राहिली कचेरी. यंत्राचे खरे क्षेत्र हेच, असे पुष्कळांस वाटते, आणि ते बरेचसे खरे आहे. वेळापत्रके जुळविणे, बैठक क्रमांक लावणे, गुणांची बेरीज पडताळणे, तपासावयाचे राहिलेले पान शोधून काढणे, विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शंकांना रात्री दहा वाजताही उत्तर देणे, ही कामे त्याने जरूर करावीत. परंतु येथेही घाई महागात पडते. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका छायांकित करून परीक्षकांना संगणकाच्या पडद्यावर तपासावयास दिल्या. यंत्राने येथे गुण दिले नव्हते. पाने फक्त कागदावरून पडद्यावर गेली होती. तेवढ्यानेही निकाल महिनोन्महिने रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, कित्येक विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कल्पना मुळात वाईट नव्हती. लहान परीक्षेवर आधी अनुभव न घेता सर्व भार एकदम तिच्यावर टाकण्यात आला.

बेरीज आणि वेळापत्रक यांच्या पलीकडे, प्रवेश कोणाला द्यावा, शिष्यवृत्ती कोणाची बंद करावी, असे निर्णय असतात. युरोपीय संघाने २०२४ च्या आपल्या कायद्यात प्रवेश देणारी, अभ्यासाचे मूल्यमापन करणारी आणि परीक्षेत विद्यार्थ्यांवर पाळत ठेवणारी यंत्रे ‘उच्च जोखमी’च्या वर्गात घातली आहेत, आणि त्यांच्यावर माणसाची देखरेख आवश्यक ठरविली आहे. अशी देखरेख नेमकी कशासाठी हवी, ते मद्रास विद्यापीठाच्या दप्तरात सापडते.

१९१३ मध्ये हार्डी यांचे उत्तर आल्यानंतर रामानुजन यांना संशोधनासाठी शिष्यवृत्ती द्यावी असा प्रस्ताव गणिताच्या अभ्यासमंडळाने पुढे केला. नियम स्पष्ट होता. अशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास मिळे, आणि अर्जदार तर एफ. ए.लाही नापास. नियमावली समोर ठेवून आजच्या कोणत्याही यंत्राला विचारले तर ते क्षणात ‘अपात्र’ असे उत्तर देईल. आणि ते उत्तर चूक म्हणता येणार नाही. सिंडिकेटमध्ये मात्र उच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी विद्यापीठाच्या मूळ कायद्याकडे बोट दाखविले. संशोधनास उत्तेजन देणे हे विद्यापीठाचे एक कार्य म्हणून त्यात नमूद होते. पोटनियम ज्या हेतूसाठी केला त्या हेतूलाच तो आड येत असेल, तर हेतू धरावा, असा तो वाद होता. शिष्यवृत्ती मंजूर झाली. दरमहा ७५ रुपये, दोन वर्षे.

यंत्रालाही कायदे वाचता येतात, आणि विचारल्यास ते असा वाद रचूनही देईल. परंतु नियम बाजूला ठेवण्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेणे, आणि उद्या निर्णय चुकला तर त्याचे उत्तर द्यावयास सभेत उभे राहणे, हे त्याच्याकडून होत नाही. कोमलताम्माळ यांना प्राचार्यांनी नकार दिला हे खरे; पण ठोठावण्यास एक दार होते आणि दारामागे नाव असलेला माणूस होता. विद्यापीठाच्या कचेरीत यंत्र बसवावयाचे असेल तर त्याच्या प्रत्येक प्रतिकूल निर्णयाखाली एका अधिकाऱ्याचे नाव आणि कारण मराठीत, विद्यार्थ्याला वाचता येईल असे, छापलेले असावे; आणि त्या अधिकाऱ्याला तो निर्णय फिरविण्याचा अधिकार असावा. एवढी व्यवस्था होत नसेल तर यंत्र बेरजेपुरते ठेवावे.

शिष्यवृत्तीला एक अट होती. दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल अभ्यासमंडळाला द्यावा, ही ती अट. अशा अहवालांचे कागद कचेऱ्यांतून कसे भरले जातात हे सर्वांस ठाऊक आहे, आणि आज ते भरून देण्यासाठीच यंत्राचा सर्वांत अधिक उपयोग होत असेल. रामानुजन यांनी ऑगस्ट १९१३ ते मार्च १९१४ या काळात असे तीन अहवाल दिले. निश्चित समाकल काढण्याची त्यांची स्वतःची एक रीत त्यांत आहे; तिला पुढे गणितींनी रामानुजन यांचे मुख्य प्रमेय असे नाव दिले. तिसरा अहवाल दिल्यावर थोड्याच दिवसांनी, १७ मार्च रोजी, ते मद्रासहून इंग्लंडला निघाले. त्या बोटीचे नाव ‘नेवासा’ होते.